चिक्कीचा पाठ

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि कार्यानुभव यांचे तास निरनिराळे दाखविलेले असतात. अशी विभागणी शिक्षकाच्या सोयीसाठी आवश्यकच आहे. परंतु मुलाच्या हाती एखादी वस्तू आली म्हणजे ते तिच्याकडे एकदा भाषेच्या तासाला व पुन्हा एकदा गणिताच्या तासाला अशा रीतीने पाहत नाही. ही कशाची केली, कोणी केली, केवढ्याला मिळाली आणि माझ्या वाट्याला किती येणार, हे सर्व प्रश्न त्याच्या मनात एकदमच उभे राहतात. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योग शिक्षणाची जी योजना पुढे आली, तिने मुलाच्या या स्वभावाचा उपयोग करून घेण्यावर भर दिला. एका उद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याच्या या पद्धतीस 'समवाय' म्हणतात. त्या काळच्या टकळ्या आता बहुतेक शाळांतून गेल्या. समवायाचा विचार मात्र टाकून देण्याजोगा नाही. प्रस्तुत लेखात सर्व मुलांच्या आवडीचा एक साधा खाऊ, म्हणजे गूळ-शेंगदाण्याची चिक्की, घेऊन इयत्ता ३ री ते ५ वीच्या वर्गांत असा समवाय कसा साधता येईल याचे दिग्दर्शन केले आहे.

चिक्कीच का, असा प्रश्न कोणी विचारील. पेढ्यावर किंवा जिलबीवरही पाठ बसविता येईल, नाही असे नाही. परंतु जिलबीचा घाणा शाळेत घालता येत नाही, आणि पेढ्याचा खवा आटविण्यास फार वेळ लागतो. चिक्कीत मुख्य पदार्थ दोनच. ते दोन्ही शेतातून येतात, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत मुलांनी त्यांपैकी निदान एक तरी उभ्या पिकाच्या रूपात पाहिलेला असतो. पाक होऊन वड्या पडेपर्यंत अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. तेव्हा आरंभापासून शेवटापर्यंतची सर्व क्रिया एकाच बैठकीत मुलांच्या डोळ्यांसमोर घडते. शिवाय खर्च इतका अल्प असतो की शाळेस तो सहज सोसावा. साहित्य मुलांकडून घरून मागवू नये. कोणाच्या घरून अर्धा किलो शेंगदाणे येतात आणि कोणाच्या घरून काहीच येत नाही, हे वर्गासमोर उघडे पडले म्हणजे त्या पाठाची गोडी तेथेच संपते.

येथे एका चुकीच्या समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. 'मीनाजवळ ५ चिक्क्या होत्या, तिने २ खाल्ल्या, किती उरल्या?' असे उदाहरण घातले म्हणजे समवाय साधला, असे पुष्कळांस वाटते. या उदाहरणातील चिक्कीच्या जागी पेन्सिल लिहिली तरी काही बिघडत नाही; मग चिक्की आणून काय साधले? ज्या ठिकाणी चिक्कीवाचून तो प्रश्न उभाच राहिला नसता, त्या ठिकाणीच तो विषय तिच्याशी जोडावा. ज्या घटकाशी तिचा संबंध पोचत नाही तो घटक नेहमीच्या रीतीने शिकवावा. ओढूनताणून जुळविलेला समवाय मुलांस लगेच ओळखू येतो. त्याचप्रमाणे, पाढे पाठ करणाऱ्यास चिक्की आणि न करणाऱ्यास नाही, अशी बक्षिसाची रीतही या पाठात आणू नये. येथे चिक्की हा अभ्यासाचा विषय आहे, अभ्यासाचे आमिष नव्हे.

या पाठाचा आरंभ जूनमध्ये, शाळा उघडताच व्हावयास हवा. शाळेच्या आवारात ३ मीटर लांब व दीड मीटर रुंद एवढा वाफा तयार करून पहिला चांगला पाऊस झाल्यावर त्यात भुईमूग टोकावा. उभट वाणासाठी दोन ओळींत ३० सेंटिमीटर व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवण्याची रीत आहे. वाफ्यात किती ओळी बसतील, एका ओळीत किती दाणे लागतील, हे मुलांनी पट्टीने मोजून आधी वहीत काढावे व मग दाणे मोजून घ्यावेत. पाच ओळी आणि प्रत्येकीत ३० म्हणजे १५० दाणे, हे उत्तर फळ्यावर आयते लिहून देण्यात काही अर्थ नाही. कोणी कडेला मोकळी जागा सोडील, त्याचे उत्तर निराळे येईल. दोन्ही उत्तरे बरोबर कशी, याची चर्चा होऊ द्यावी. उगवलेली रोपे मोजून शंभरास किती उगवली हे पाचवीच्या मुलांस काढता येते.

भुईमूग हे वनस्पतींच्या अभ्यासात मोठे चमत्कारिक पीक आहे, आणि येथे शिक्षकाने घाई करू नये. पेरणीनंतर साधारण महिन्याने पानांच्या बगलेत लहान पिवळी फुले येतात. मुलांस विचारावे की शेंग कोठे येईल? चवळी, वाल, घेवडा यांची शेंग फुलाच्या जागी वर लोंबते हे त्यांनी पाहिलेले असते. म्हणून ती वरच बोट दाखवितात. शेंगा जमिनीतून उपटतात हे ज्यांना ठाऊक असते ती मुले 'मुळाला येते' असे सांगतात. पुष्कळ मोठ्या माणसांचीही हीच समजूत आहे. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत आणि निर्णय देऊ नये. काही दिवसांनी फूल सुकून जाते व त्याच्या तळाशी असलेल्या भागातून सुईसारखा एक टोकदार दांडा निघून खाली वाकू लागतो. शेतकरी त्यास 'आरी' म्हणतात. आरी वाढत वाढत मातीत शिरते आणि मातीच्या आत, अंधारात, तिच्या टोकाशी शेंग धरते. काही फुलांस रंगीत दोरा बांधून ठेवला तर मुलांस प्रत्येक आरीचा माग ठेवता येतो. आऱ्या सुटण्याच्या सुमारास माती भुसभुशीत का ठेवतात, काही शेतकरी त्या वेळी पिकावरून रिकामे पिंप का फिरवितात, हे मुलांनी गावातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास विचारून यावे. एखादी आरी मुद्दाम मातीपासून उचलून धरावी आणि तिला शेंग धरते की नाही ते पाहावे. फळ्यावरील दोन्ही उत्तरे चुकीची ठरली हे मुलांस स्वतःच्या डोळ्यांनी कळले म्हणजे शेंग फुलापासून होते, मुळापासून नव्हे, हे विधान त्यांना पुन्हा शिकवावे लागत नाही. मुळे उपटून पाहिली असता त्यांवर ज्या बारीक गाठी दिसतात त्या निराळ्या. त्यांत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरून ठेवतात व म्हणून या पिकाने जमिनीचा कस राखला जातो. ही गोष्ट पाचवीस सांगावी, तिसरीस नुसत्या गाठी दाखवाव्यात.

खरिपाचा भुईमूग साधारणतः १०० ते १२० दिवसांत काढणीस येतो. जूनअखेर टोकलेला वाफा ऑक्टोबरच्या मध्यास तयार होईल. शेंगा उपटण्याचा दिवस मुलांस सुटीसारखा वाटतो. तो तसाच वाटू द्यावा. फक्त प्रत्येकाने आपल्या रोपास किती शेंगा आल्या त्या मोजून लिहाव्यात. सर्वांत कमी किती, सर्वांत जास्त किती, मधला आकडा कोणता, हे एवढ्यावरून निघते. शेंगा चांगल्या वाळवाव्यात. ओलसर राहिलेल्या शेंगांवर जी बुरशी धरते ती विषारी असू शकते. म्हणून काळवंडलेला, सुरकुतलेला किंवा खवट दाणा पोटात जाऊ देऊ नये, हे मुलांस कारणासह सांगावे.

चिक्की करण्याचा दिवस याच सुमारास, दिवाळीच्या सुटीपूर्वी ठेवावा. असे ठेवण्याचे दुसरेही कारण आहे, ते पुढे येईल.

त्या दिवशी प्रथम प्रमाण ठरवावे. २५० ग्रॅम शेंगदाण्यांस २०० ग्रॅम गूळ व थाळीस लावण्यापुरते तूप एवढे पुरे होते. शंभर किलो शेंगांतून साधारण ७० किलो दाणे निघतात. तर २५० ग्रॅम दाण्यांसाठी किती शेंगा फोडाव्या लागतील? हे त्रैराशिक वर्गाने आधी मांडावे आणि मग तराजूने पडताळून पाहावे. उत्तर सुमारे ३६० ग्रॅम येते, परंतु वर्गातील शेंगा पोचट निघाल्या तर ते पुष्कळ चुकेल. ते चुकले तरी चालेल. पुस्तकातील प्रमाण आणि हातातील शेंगा यांत अंतर का पडले, हा विचार उत्तराइतकाच महत्त्वाचा आहे. घरी आजी शेंगदाणे वजनाने घेत नसून मापट्याने किंवा वाटीने घेते, हे एखादे मूल सांगेलच. त्यावरून शेर, पायली, छटाक ही नावे वर्गात येतील. १९५७ च्या १ एप्रिलपासून रुपयाचे १६ आण्यांऐवजी १०० नवे पैसे झाले आणि १९५८ पासून किलोग्रॅमची दशमान वजने क्रमाक्रमाने बाजारात आली, हे सांगण्यास याहून नैसर्गिक प्रसंग मिळणार नाही. 'सोळा आणे खरे' हा शब्दप्रयोग नाणी गेल्यावरही का टिकून राहिला, याचे उत्तर मुलांनी घरच्या वडील माणसांकडून आणावे.

शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सोलून, पाखडून घेणे हे काम मुलांनी करावे. पाक करण्याचे काम मात्र शिक्षकाने किंवा शाळेत अन्न शिजविणाऱ्या ताईंनीच करावे, आणि मुलांस चुलीपासून चार-पाच हात दूर, खडूने आखलेल्या रेघेबाहेर बसवावे. याबाबतीत कसलीही सवलत नको. पाणी १०० अंशांवर उकळते. गुळाचा पाक त्यातील पाणी उडत जाते तसतसा अधिकाधिक तापतो आणि चिक्कीच्या पाकाचे तापमान १५० अंशांच्या आसपास पोचते. शिवाय तो अंगास चिकटून राहतो. उकळत्या पाण्याहून पाकाने भाजणे अधिक वाईट, ते या दोन कारणांनी. मुलांस हेच सांगावे. 'जवळ येऊ नका' एवढ्या दटावणीपेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

गूळ कढईत वितळत असता मुले म्हणतील, 'गूळ विरघळला.' येथे थांबावे. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात गुळाचा खडा टाकावा आणि दोन्हीकडे पाहण्यास सांगावे. पेल्यात गूळ पाण्यात मिसळून दिसेनासा झाला, तो विरघळला. कढईत पाणी न घालता उष्णतेने पातळ झाला, तो वितळला. बर्फ हातावर काय होतो? मीठ आमटीत काय होते? मेण? या दोन क्रियापदांतील भेद भाषेच्या तासाला व्याख्या सांगून पक्का होत नाही, तो येथे एका क्षणात होतो. नंतर पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकून दाखवावा. आरंभी तो पाण्यात पसरतो, मग त्याची मऊ गोळी होते, पुढे कडक गोळी होते आणि शेवटी बोटांत धरला असता काचेसारखा कट्‌कन मोडतो. हीच चिक्कीची वेळ. घरोघरी आया-आज्या कोणत्याही उपकरणावाचून तापमान ओळखतात ते या परीक्षेने. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यास पाक फसफसून फुलतो, कारण उष्णतेने सोड्यातून कर्बाम्ल वायू निघतो. त्याचे बुडबुडे अडकून राहिल्याने वडी अधिक खुसखुशीत होते.

चिक्की थापून ती पुरती निवण्याआधीच, कोमट असताना, कापावी लागते. हा वेळ थोडा असल्याने आकडेमोड आधीच झालेली असावी. २४ सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद असा चौकोनी ट्रे घेतला तर ३ सेंटिमीटरच्या चौरस वड्या ४८ पडतात, आणि ४ बाय ३ सेंटिमीटरच्या घेतल्या तर ३६. वर्गात ३६ मुले असल्यास दुसरा आकार नेमका पुरतो. परंतु पट सोयीचा क्वचितच असतो. मुले ३१ असतील तर काय करावे? एकेक वडी दिल्यावर ५ उरतात. त्या पाच वड्यांचे ३१ भाग करणे शक्य नाही हे मुलांस कळते, आणि भागाकारातील 'बाकी' ही केवळ उत्तराच्या शेवटी लिहावयाची संख्या नसून तिचे काही तरी करावे लागते, हेही कळते. काय करावे ते मुलांनी ठरवावे. पाक करणाऱ्या ताईंना एक, आज न आलेल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या अमुक, असा निर्णय बहुधा मुलेच घेतात. न घेतल्यास शिक्षकाने हळूच सुचवावे. ट्रेऐवजी गोल थाळी घेतली तर कडेच्या वड्या तिरप्या व लहान येतात, आणि 'ही माझ्या वाट्याला का?' असा प्रश्न उठतो. चौथीच्या वर्गास क्षेत्रफळाचा यापेक्षा आस्थेचा प्रश्न शोधूनही सापडणार नाही.

वाटप करण्यापूर्वी सर्व चिक्की तोलावी. २५० आणि २०० मिळून ४५० ग्रॅम घातले, मग वजन कमी का भरले? सालपट, वाफ, कढईस चिकटलेला पाक, आणि कोणाच्या तरी तोंडात गेलेले शेंगदाणे, अशी हिशेबाची सर्व कलमे मुले आनंदाने काढतात.

काही थोड्या मुलांस शेंगदाणे बाधतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वासही कोंडतो आणि जिवावर बेतते. म्हणून पालकांकडे आधी चौकशी करावी व अशा मुलास शेंगदाणे हाताळण्यासही देऊ नये. असे मूल वर्गात असल्यास सर्वांसाठीच चुरमुऱ्याची चिक्की करावी; एकट्यास वेगळे बसविण्यापेक्षा ते बरे. खाऊन झाल्यावर सर्वांनी चूळ भरावी. चिकट गोड पदार्थ दातांच्या फटींत राहतो आणि तोंडातील जंतू त्याचे आम्ल करून दात किडवितात, एवढे त्या वेळी सांगितले म्हणजे पुरे. आहाराविषयी बोलताना अतिशयोक्ती टाळावी. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे व महत्त्वाचे आहे; गुळात लोह असते हेही खरे, पण म्हणून गूळ हे औषध ठरत नाही.

एक वडी उघड्या बशीत व एक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून आठवडाभर पाहिल्यास उघडी वडी चिकट व मऊ झालेली आढळते, विशेषतः हवा दमट असेल तर. ती हवेतील पाणी शोषते. दुकानदार चिक्की कागदात व बरणीत का ठेवतो, ते यावरून मुलांनीच सांगावे.

भाषेच्या तासासाठी कृती लिहिणे हे उत्तम काम आहे, कारण मुलांनी जे पाहिले त्याचा क्रम त्यांस ठाऊक असतो. तरी सुरुवातीच्या लेखनात 'मग' हा शब्द वीस वेळा येईल. त्याजागी 'नंतर', 'तोवर', 'होताच', 'झाल्यावर' हे शब्द कसे घालता येतात ते दाखवावे. एका मुलाने लिहिलेली कृती दुसऱ्याने वाचून त्याप्रमाणे खोटीखोटी चिक्की करून दाखवावी. तूप लावण्याचे लिहावयाचे राहिले असेल तर चिक्की थाळीस चिकटली म्हणून वर्ग हसतो, आणि लेखकास आपली चूक कोणी न सांगता कळते. कोठे चिक्की, कोठे गुडदाणी, कोठे नुसती वडी, अशी नावे घरोघरी निराळी असतात. ती सर्व फळ्यावर लिहावीत. अमुक नाव शुद्ध व अमुक अशुद्ध असे ठरवू नये. 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये', 'गाढवाला गुळाची चव काय' अशा म्हणी मुले आणतील. शब्दांच्या प्रवासाची हकीकतही मुलांस आवडते. संस्कृतातील 'शर्करा' मराठीत 'साखर' झाली, फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर' झाली आणि तेथून युरोपात जाऊन इंग्रजीत 'शुगर' होऊन परत आली. 'खंड' म्हणजे तुकडा. खडीसाखरेच्या अर्थाने तो अरबीत 'कंद' झाला आणि इंग्रजीत 'कँडी' झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड व शर्करा असे उसाच्या रसापासून होणारे पदार्थ एका ओळीने दिलेले आहेत. फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा घट्ट रस. तेव्हा काकवीपासून साखरेपर्यंतच्या पायऱ्या त्या काळीही लोकांस माहीत होत्या.

ऊस जुना, पण शेंगदाणा नवखा. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिका. युरोपीय खलाशी अमेरिकेस पोचल्यावर त्यांच्या जहाजांतून तो इतर खंडांत पसरला. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीतील साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून आपल्याकडे करतात तो, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही अमेरिका खंडातून आलेली आहेत, हे ऐकून मुलेच काय, शिक्षकही क्षणभर थांबतील. पृथ्वीगोलावर दोऱ्याने हा मार्ग दाखवावा. महाराष्ट्राच्या नकाशात कोल्हापूर दाखवावे, ज्याच्या गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. लोणावळा दाखवावे, जेथील चिक्की मुंबई-पुण्याच्या प्रवाशांनी सर्वत्र नेली. आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरानगर दाखवावे, जेथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी उभा राहिलेला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला.

जेथे जवळपास गुऱ्हाळ असेल तेथे मुलांस अवश्य न्यावे. चरकातून निघणारा रस, चुलाणावरील मोठी काहील, जळणासाठी वाळत घातलेली चिपाडे, रस निवळावा म्हणून त्यात घालावयाचे रानभेंडीचे पाणी, वर येणारी मळी, आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकून आदण उतरविण्याची वेळ सांगणारा गुळव्या. शाळेतील वाटीत मुलांनी जी परीक्षा पाहिली तीच येथे होते, पण ती चुकली तर येथे सर्व आदण बिघडते. १०० किलो उसापासून १० ते १२ किलो गूळ होतो असे धरले, तर वर्गाच्या २०० ग्रॅम गुळास सुमारे २ किलो ऊस लागला. म्हणजे दीड-दोन ऊस. शेतकऱ्यांच्या बोलण्यात 'शहाऐंशी शून्य बत्तीस' असा शब्द येतो. तो उसाचा एक वाण असून त्याचे पूर्ण नाव 'को ८६०३२' असे आहे. यातील 'को' म्हणजे कोइमतूर. तेथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र स्थापन झाले, आणि जानकी अम्मल यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीने तेथे उसावर संशोधन केले. लागणीच्या हंगामांची नावेही मुलांनी विचारून घ्यावीत: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, आणि एकदा तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा.

येथपर्यंतचा पाठ सोपा आहे. परंतु ऊस तोडला कोणी, हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारील, आणि न विचारल्यास शिक्षकाने विचारावा. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक शाळांत त्याचे उत्तर वर्गातच बसलेले असते. दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', असा हिशेब असतो. लहान मूल मागे ठेवण्यास घरी कोणी नसेल तर तेही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये बसून जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाशेजारच्या कोपीत राहते. हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे चार-पाच महिने जी रिकामी घरे दिसतात त्यांचा अर्थ हा आहे. चिक्कीचा दिवस दिवाळीच्या सुटीपूर्वी ठेवावा असे वर म्हटले ते याचसाठी. जूनमध्ये ज्याने दाणे टोकले त्याने ऑक्टोबरात चिक्की खाऊन मगच जावे.

हा भाग शिकविताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. त्या मुलास उभे करून 'तू सांग बरे, तुझे आईवडील काय करतात?' असे विचारू नये. त्याला सांगावेसे वाटले तर ते सांगेल, आणि सांगू लागले म्हणजे शिक्षकाने खाली बसून ऐकावे. कारण मोळी कशी बांधतात, वाढे कशासाठी राखतात, पहाटे किती वाजता तोड सुरू होते, रात्री गाडी भरण्यास का उठावे लागते, हे त्याच्याइतके वर्गात कोणास ठाऊक नसते. एरवी शुद्धलेखनात मागे पडलेले मूल त्या दिवशी वर्गाचे शिक्षक होते. दुसरी गोष्ट अशी की, या कष्टांचे वर्णन मुलांच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी करू नये. उलट ऊसबागायतीच्या भागातील शाळांत, जेथे टोळ्या येऊन उतरतात, तेथील मुले कोपीतील मुलांस परके मानीत असतील तर तो प्रश्न याच पाठात सरळ हाताळावा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा कोपीतील मुलासही तितकाच लागू आहे आणि ते मूल आले तर त्यास शाळेत बसविणे हे शाळेचे कर्तव्य आहे. गावात हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर स्थलांतरापूर्वीच पालकांस भेटून ती समजावून सांगावी. उचल घेऊन निघण्याच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग होत नाही.

जे मूल जाणारच, त्याच्याबरोबर चिक्कीच्या पाठाची छोटी वही द्यावी. तिच्यात कोरी पाने ठेवून प्रत्येकावर एकच प्रश्न लिहावा. आज मोळीत किती ऊस बांधले? गाडीत मोळ्या किती? फडापासून कारखाना किती लांब? तेथील लोक वाढ्यांस काय म्हणतात? तोडलेल्या बुडख्यास किती दिवसांनी कोंब आला? हे काम गृहपाठ म्हणून तपासावयाचे नाही. रात्री दिवा असेल तर लिहील, नसेल तर लक्षात ठेवील. ज्या गावी टोळी उतरणार ते माहीत असल्यास तेथील मुख्याध्यापकांस पत्राने किंवा दूरध्वनीने त्या मुलाची इयत्ता व झालेला अभ्यास कळवावा. वर्गात उरलेल्या मुलांनी चिक्कीची जी मोठी नोंदवही तयार केली असेल, तिच्यात भुईमूग, पाक, वाटणी, नकाशा ही प्रकरणे पुरी करून ऊसतोडीच्या प्रकरणाची पाने रिकामी सोडावीत. ती भरण्याचे काम एप्रिलात परतणाऱ्या मुलांकडे राहील, आणि त्यांच्या वाट्याच्या खडूने रंगविलेल्या उसाच्या चित्रासाठी मुखपृष्ठावरही जागा राखून ठेवावी.